पित्ताची गोळी आणि पोटातली जुनी सूज

प्रताप नगरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानासमोर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहा. एक मागणी वारंवार कानावर येते: "भाऊ, पित्ताची एक गोळी द्या." कोणी ॲसिडिटीची म्हणते, कोणी गॅसची. हातात डॉक्टरची चिठ्ठी क्वचितच असते. कामावरून येताना एक गोळी, घरी मटण झाले की एक, रात्री छातीत जळजळ झाली की एक. गोळीने बरे वाटते, म्हणून दवाखान्यात जायचे राहून जाते. अशी दहा-पंधरा वर्षे सहज निघून जातात.

पित्त, गॅस आणि ॲसिडिटी ही नावे आपण पोटाच्या सगळ्याच तक्रारींना देतो. पुष्कळदा तक्रार साधीच असते, वेळेवर न जेवल्याची, जागरणाची, चहा जास्त झाल्याची. पण याच नावांखाली एक वेगळा आजार लपून राहतो. जठराच्या आतल्या अस्तराला जुनी सूज आलेली असते. डॉक्टर तिला क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणतात, मराठीत जठरदाह. ही सूज वर्षानुवर्षे तशीच राहिली तर थोड्या लोकांमध्ये तिचा शेवट जठराच्या कॅन्सरमध्ये होतो. तिचे सर्वांत मोठे कारण एक जंतू आहे. तो औषधाने मरतो, मात्र पित्ताच्या गोळीने नाही. ती गोळी पोटातले आम्ल कमी करते, एवढेच.

सूज मुळात आपली शत्रू नाही. बोटाला काच लागली की जागा लाल होते, गरम होते, ठणकते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतू मारतात, मेलेल्या पेशी साफ करतात आणि नवी कातडी भरून येते. आठ-दहा दिवसांत काम संपते आणि त्या परत जातात. अडचण तेव्हा होते, जेव्हा इजा करणारी गोष्ट तिथून हलतच नाही. मग पांढऱ्या पेशीही तिथेच मुक्काम ठोकतात. जंतू मारायला त्या जी जहाल रसायने सोडतात, ती आपल्याच पेशींना लागत राहतात. पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. प्रत्येक नवी पेशी तयार होताना जुन्या पेशीतला सगळा मजकूर, म्हणजे डीएनए, उतरवून घ्यावा लागतो. एकच पान कोणी हजार वेळा उतरवत असेल, आणि तेही बाजूचा माणूस हात हलवत असताना, तर चूक होणारच. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते. एखादी राहून जाते, तिच्यावर दुसरी चढते, आणि कधीतरी न थांबता वाढणारी पेशी तयार होते. त्यालाच कॅन्सर म्हणायचे.

पोटातले हे काम आपल्याला दिसत नाही. पण तोंडात तेच घडताना आपण नागपूरकर रोज पाहतो. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, दिवसातून आठ-दहा वेळा गालाला लागतो. काही महिन्यांनी तोंडाची आग व्हायला लागते, जेवण तिखट सोसत नाही. ही आग म्हणजेच दाह. पुढे गालाची आतली त्वचा पांढरट आणि कडक होते, तोंड उघडेनासे होते. जिथे तीन बोटे उभी जायची तिथे एक जाताना मुश्कील. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. "मी तंबाखू कुठे खातो, नुसती सुपारी तर खातो" असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणारा पदार्थ ठरवले आहे.

सतत घासणे, सतत जळणे आणि कॅन्सर यांचा संबंध महाराष्ट्रात जुन्या काळीच नोंदला गेला. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये 'धोतराच्या कॅन्सर'बद्दल लिहिले. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराखाली कातडी आधी काळवंडते, सोलते, तिथे जखम होते, आणि एखाद्याला त्याच जागी कातडीचा कॅन्सर होतो. पुढे डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्ये परकराच्या नाडीखालीही असेच रुग्ण पाहिले. हा आजार अगदी विरळा आहे, घाबरून नाडी सोडायची गरज नाही. थोडी सैल बांधावी, बस. पण एकाच जागी बरी न होणारी जखम राहू देऊ नये, हे त्यातून कळते.

आम्लात राहणारा जंतू

आता जठराकडे येऊ. जठरात इतके तीव्र आम्ल असते की तिथे जंतू जगूच शकत नाही, असे डॉक्टर १९८० पर्यंत धरून चालत होते. अल्सर झाला तर टेन्शनने झाला, तिखटाने झाला, असे सांगायचे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात डॉ. रॉबिन वॉरेन यांना जठराच्या तुकड्यांमध्ये पिळदार आकाराचे जंतू पुन्हा पुन्हा दिसत होते, आणि जिथे जंतू तिथे सूज. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने त्यांच्यासोबत तो जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न केला. बशा दोन दिवसांत फेकून दिल्या जायच्या, म्हणून काही उगवत नव्हते. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे त्या पाच दिवस तशाच राहिल्या, आणि जंतू उगवला!

तरी कोणी मानेना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले. थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. दुर्बिणीने तुकडा काढून पाहिला तर जठराला सूज आलेली आणि त्यात तोच जंतू. (हा प्रयोग कोणी घरी करू नये, हे सांगायला नको.) या जंतूला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात, रिपोर्टवर 'एच. पायलोरी' असे लिहिलेले असते. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच संस्थेने त्याला कॅन्सर करणारा जंतू म्हणून जाहीर केले आणि २००५ मध्ये वॉरेन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू आपल्याभोवती अमोनिया तयार करतो आणि त्याने आजूबाजूचे आम्ल मारतो. मग जठराच्या चिकट थराखाली तो आरामात राहतो. शरीर पांढऱ्या पेशी पाठवते, पण त्या त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. तो जात नाही, सूजही जात नाही. औषध दिले नाही तर बहुतेकांमध्ये जन्मभर.

कोलंबियाचे डॉ. पेलायो कोरेआ यांनी १९७५ पासून या प्रवासाचे टप्पे मांडले. आधी अस्तराला सूज. मग आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर पातळ होते. मग जठराचे अस्तर आतड्याच्या अस्तरासारखे दिसायला लागते. रिपोर्टवर याला इंटेस्टायनल मेटाप्लेसिया म्हणतात. त्यानंतर पेशी बिघडू लागतात आणि शेवटी कॅन्सर. या सगळ्याला वीस-तीस वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात. प्रत्येकजण पुढच्या पायरीवर जात नाही, बहुतेक लोक पहिल्या पायरीवरच आयुष्य काढतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रंथी झिजल्या की आम्ल कमी होते, आणि मग जळजळही कमी होऊ शकते. म्हणजे "पूर्वी लय पित्त व्हायचं, आता आपोआप बंद झालं" हे नेहमीच बरे झाल्याचे लक्षण नसते.

मग आपण सगळे घाबरायचे का?

नाही. जगातल्या सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू आहे, भारतात प्रमाण त्याहून जास्त. त्यातल्या शंभरातल्या एक ते तिघांनाच आयुष्यात जठराचा कॅन्सर होतो. जपानमध्ये डॉ. उएमुरा आणि सहकाऱ्यांनी पोटाची तक्रार असलेल्या १,५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षे लक्ष ठेवले आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला. जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही. ज्यांचा जंतू औषधाने मारला होता त्यांच्यातही त्या काळात कोणाला झाला नाही. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सगळ्या गावकऱ्यांची तपासणी करून जंतूवर औषध दिले, आणि तिथले जठराच्या कॅन्सरचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आले.

भारतात जंतू घरोघर असूनही जठराचा कॅन्सर जपान-चीनच्या मानाने कमी आहे. अपवाद मिझोरामचा. तिथे हे प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. धुरावर वाळवलेले आणि खारवलेले मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेले 'तुइबुर' नावाचे पाणी तोंडात धरण्याची सवय, ही कारणे अभ्यासकांनी दाखवली आहेत. म्हणजे जंतू एकटा पुरेसा नसतो, त्याला साथीदार लागतात. आपल्याकडे ते साथीदार कोणते, हे पाहायला हवे.

पहिली तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात जठराचा कॅन्सर जास्त होतो, हे पक्के आहे. खर्ऱ्याची सगळी पिंक थुंकली जात नाही, बरीच पोटात जाते. दुसरी दारू. पाचवे शील आपल्या घराघरांत म्हटले जाते, त्यात भर घालायला आरोग्याच्या पानाकडे वेगळे काही नाही. एवढेच की रोज जास्त दारू पिणाऱ्याच्या जठराचे अस्तर दुहेरी मार खाते. तिसरे मीठ. खारवलेली सुकी मासळी, खारे बोंबील, लोणची, पापड हे रोजचे कालवण झाले तर जास्त मीठ अस्तराला इजा करते आणि जंतूचे काम सोपे होते. सुकट-बोंबील खाऊच नका असे मी म्हणणार नाही, भाकरीबरोबरची ती चव आपली आहे आणि गरिबाच्या घरचे ते प्रथिन आहे. दोन-तीन पाण्यांत धुऊन, आठवड्यातून एखाद्या वेळी खावे. ज्या देशांत घराघरांत फ्रीज आले, ताजी भाजी आणि फळे बारा महिने मिळू लागली, तिथे जठराचा कॅन्सर आपोआप उतरत गेला. अमेरिकेत १९३० च्या सुमारास पुरुषांमध्ये कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत तो सर्वांत पुढे होता, आज बराच खाली आहे. आपल्याकडे संत्र्याच्या हंगामात संत्री, पेरू, आवळा, पालक, चवळीची भाजी ही औषधाच्या दुकानापेक्षा स्वस्त पडते.

सावजीच्या तिखटाला मात्र लोक उगाच गुन्हेगार ठरवतात. त्याने जळजळ वाढते, ज्याला सोसत नाही त्याने खाऊ नये. पण तिखट बंद करून खर्रा चालू ठेवणे यात काही शहाणपण नाही.

अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. बांधकामावर, हमालीला, धुण्याभांड्याला जाणारी आपली माणसे रोज संध्याकाळी डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन घेतात. या गोळ्या थेट कॅन्सर करत नाहीत, पण जठराला जखम करतात, रक्तस्राव करतात, आणि सोबत जंतू असेल तर अल्सरचा धोका फार वाढतो. रोज लागत असतील तर डॉक्टरांना सांगा. त्या जंतूची तपासणी करून घेण्याचे ते एक कारणच आहे.

जंतू येतो कुठून? बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून, तोंडातून किंवा शौचाच्या मार्गाने, अस्वच्छ पाणी आणि हातांतून. एका खोलीत सहा-सात माणसे, सार्वजनिक नळ, उघडी नाली, अशा ठिकाणी तो सहज पसरतो. ही कोणाच्या घराण्याची किंवा खाण्याची लाज नाही. युरोप-जपानमध्येही घरे दाट होती तेव्हा तो घरोघर होता. नळ, संडास आणि मोठी घरे आली तसा मुलांमध्ये कमी होत गेला. म्हणून वस्तीत स्वच्छ नळ आणि नाली मागणे हेसुद्धा कॅन्सरविरोधी कामच आहे. घरात करण्यासारखे म्हणजे जेवणाआधी आणि संडासानंतर साबणाने हात धुणे, शंका असेल तर पाणी उकळणे, आणि आजीने घास चावून बाळाला भरवण्याची जुनी सवय सोडणे.

रक्त कमी आहे, म्हणजे सिकलसेलच?

ही गोष्ट विदर्भातल्या आपल्या घरांसाठी खास आहे. सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात बराच आढळतो, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी निघाले की "घरात सिकल आहे ना" म्हणून विषय संपतो. पण जो फक्त वाहक आहे, म्हणजे रिपोर्टवर एएस लिहिलेले आहे, त्याचे रक्त सिकलमुळे सहसा कमी होत नाही. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या वाहक पुरुषाचे, किंवा पाळी बंद झालेल्या बाईचे हिमोग्लोबिन आठ-नऊ निघाले, तर रक्त कुठेतरी जात आहे का हे पाहावे लागते. जठरातून थोडे थोडे रक्त महिनोन् महिने झिरपते आणि बाहेर दिसतही नाही. लोहाच्या गोळ्या घेऊन आकडा वर येतो आणि गोळ्या थांबवल्या की पुन्हा घसरतो, असे झाले तर पोटाची तपासणी मागून घ्या. ज्यांना सिकलचाच आजार आहे, एसएस, त्यांनी दुखण्याच्या गोळ्या मनाने वाढवू नयेत.

आता कोणी थांबायचे नाही, ते सांगतो. शी डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल (लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, तेव्हा गोळी चालू असल्यास डॉक्टरांना तसे सांगा). उलटीत रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखे काही पडत असेल. वजन न कमी करता उतरत असेल. चार घासांतच पोट भरत असेल. घास गिळताना अडकत असेल. वारंवार उलट्या होत असतील. किंवा चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पोटाची तक्रार पहिल्यांदाच सुरू झाली असेल. यांनी पित्ताची गोळी घेत बसू नये. गोळीने कॅन्सरच्या जखमेचेही दुखणे काही दिवस दबते, आणि आपल्या देशात जठराचा कॅन्सर उशिरा सापडतो.

तपासणी म्हणजे एंडोस्कोपी, आपण 'दुर्बीण टाकणे' म्हणतो ती. सहा-आठ तास उपाशी जायचे, घशात बधिर करणारा फवारा मारतात, बारीक नळी तोंडातून जठरात जाते, पाच-दहा मिनिटे लागतात. मळमळ होते, दुखत नाही. गरज वाटली तर तुकडा काढतात, तेही कळत नाही. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे वस्तीत सर्रास ऐकू येते आणि ते साफ खोटे आहे. तुकड्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे सांगताच येत नाही.

नुसता जंतू पाहायचा असेल तर श्वासाची किंवा शौचाची तपासणीही चालते. रक्ताची तपासणी मात्र फसवी आहे, जुना जंतू गेला तरी ती पॉझिटिव्ह राहू शकते. आणि तपासणीच्या आधी दोन आठवडे पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असून रिपोर्ट नॉर्मल येतो. रोज गोळी घेणाऱ्यांनी हे स्वतःहून सांगावे, कोणी विचारेलच असे नाही.

जंतू सापडला तर साधारण चौदा दिवसांचे औषध असते, दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, काहींना बिस्मथही. तोंड कडू होते, मळमळ होते, बिस्मथने शी काळी होते. पाच दिवसांनी बरे वाटले म्हणून सोडले तर जंतू मरत नाही, उलट औषधाला सरावतो, आणि भारतात तो आधीच पुष्कळ औषधांना सरावलेला आहे. म्हणून हे औषध दुकानातून मनाने घ्यायचे नाही आणि शेजाऱ्याची उरलेली पाकिटेही घ्यायची नाहीत. या चौदा दिवसांत दारू बिलकूल नाही, मेट्रोनिडॅझोलसोबत ती घेतल्यास जोरदार उलट्या होऊ शकतात. औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का हे पुन्हा तपासायचे.

नागपुरात 'मेडिकल' म्हटले की दुकानही होते आणि सरकारी रुग्णालयही. पोटासाठी दुसऱ्या मेडिकलमध्ये जावे. त्याच्याच सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये पोटाच्या विकारांचा विभाग आहे. मेयो आणि मिहानमधले एम्सही आहेत. कॅन्सर निघालाच तर मानेवाडा रोडवरचे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, शेक हे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारायचे. पैसे भरून मोकळे होण्याआधी विचारायचे, नंतर नाही.

आणि ज्या घरात आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला जठराचा कॅन्सर झाला आहे, त्या घरातल्या बाकीच्या मोठ्या माणसांनी काही त्रास नसला तरी एकदा जंतूची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरकडे जाताना त्या रुग्णाचा जुना रिपोर्ट सोबत न्यावा. माणूस गेला की आपण त्याची फाइल टाकून देतो. ती टाकू नये, मुलांच्या उपचारासाठी ती लागते.